दुप्पट करून देणारे

आइसलँडच्या ‘सीसीपी’ कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळी खेळात जिता नावाची मोठी बाजारपेठ आहे. तिथे पोचताच गप्पांच्या खिडकीत ‘पाठवाल त्याच्या दुप्पट परत’ म्हणणाऱ्या दानशूरांची झुंबड दिसते. चिल्लर पाठवली तर कधीकधी खरंच दुप्पट येते. मग माणूस थैली रिकामी करतो आणि दाता गुल! दाद मागायची सोय नाही. ही फसवणूक नियमात बसते. त्याहून नामी युक्ती बरीच वर्षं चालली: एखाद्या वस्तूसाठी भरमसाट भावाची मागणी लावायची आणि तीच वस्तू थोड्या कमी भावात आपणच विकायची. गिऱ्हाईक ती घेऊन नफा कमवायला धावतं, तर मागणीदाराच्या खात्यात खडखडाट.

खेळातलं चलन खऱ्या पैशांना विकणं मात्र महापाप. ‘प्लेक्स’ ही खेळातल्या चलनात बदलता येणारी वस्तू खऱ्या पैशांना विकून ते पुण्य फक्त कंपनीने जोडायचं.

या बाजारावर नजर ठेवायला कंपनीने २००७ मध्ये चक्क अर्थतज्ज्ञ नेमला. पुढच्याच वर्षी आइसलँडच्या तिन्ही बड्या बँका आठवड्याभरात बसल्या. जितातले व्यवहार बिनघोर चालू होते. नेमणुकीत खातं चुकलं, दुसरं काय!