टेंभुर्णीत दोन थेंब

भीमेच्या पुलावर गाडीनं पहिला आचका दिला, तेव्हा मित्र म्हणाला, “समोरून वारा आहे.” टेंभुर्णीच्या चौकात पोचेस्तोवर तिला उचकी लागली होती आणि मागून आलेली उसाची ट्रॉली आम्हाला ओलांडून, वर भोंगा वाजवून गेली.

गाडी म्हणजे एमजीबी. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 ते 1980 या काळात निघालेली. दोन सीटा, छत उघडं, नाव स्पोर्ट्स कार. पुण्यापासूनची सगळी धूळ आमच्या मांडीवर बसून आली होती. स्पोर्ट काय तो टेंभुर्णीत सुरू झाला. पाच मिनिटांत पंधरा माणसं गोळा. “एवढं लांब बॉनेट नि बसायला दोघंच? वडापला न्हाय परवडायची,” एकानं निकाल देऊन टाकला.

टेंभुर्णीत मिस्त्र्यांना तोटा नाही. पंचाईत अशी, की चौकातून जाणारं बहुतेक सगळं डिझेलवर: ट्रॅक्टर, ट्रक, एसटी. डिझेलला ठिणगीच लागत नाही, मग ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर हवा कशाला? दोन पोरांनी बॉनेटमध्ये डोकावून “सेन्सर कुठाय?” असं विचारलं आणि ती चहाला गेली. शेवटी ट्रॅक्टरच्या गॅरेजातून एक मामा आले. अर्धा जन्म मुंबईत फियाट टॅक्स्यांखाली काढलेला.

“डेल्को हाय की ह्याला!” जुना सोयरा भेटावा तसे ते खुलले. “लई वर्सांनी गाठ पडली.”

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटरच. त्याची कॅप उघडली. आत तळणीचा वास.

“तेल कुणी घातलं?”

मित्रानं छाती पुढे काढून स्वतःचं नाव घेतलं. पुस्तकात ‘काही थेंब’ आहे, पण लांबचा प्रवास, म्हणून पळीभर.

“शनीला वाहताय व्हय?”

मामांनी रोटर सरळ वर उपसला. खाली दांड्याच्या डोक्यात एक स्क्रू. मित्राचा पिंचकस लगेच पुढे सरसावला. मामांनी त्याच्या हातावर चापट मारली. तो स्क्रू काढायचा नसतोच. त्याच्या कडेनं तेल आपोआप खाली झिरपतं. तिथं दोन थेंब. ठिणगीसाठी उघडझाप करणारा पॉइंट ज्या खिळीवर हलतो, तिला एक. कॅमला काडीच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस. कॅम कोरडा राहिला तर पॉइंटची टाच झिजते, फट मिटत जाते, टायमिंग ढळतं. आणि लाड जास्त झाले, तर तेल उडून पॉइंटवर बसतं, जळून काळं होतं आणि ठिणगी मरते. मी मनातल्या मनात हिशेब केला: चार सिलिंडर, इंजिनाच्या एका फेरीला दोन ठिणग्या, पुण्यापासून इथवर साधारण साडेसहा लाख. मित्राच्या भक्तीपुढे गाडीनं बरंच सोसलं म्हणायचं.

पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, पेट्रोलच्या फडक्यानं पुसले. आता फट. मित्रानं चामड्याच्या पाकिटातून विलायती फिलर गेज काढला. तोवर मामांनी फळीवरून एक लग्नपत्रिका घेतली होती. हळदकुंकू लागलेला कोपरा सोडून दुसरा फाडला आणि पॉइंटमध्ये सरकवला.

“अहो मामा, लग्नाची पत्रिका आहे ती!”

“लगीन झालंय. आता ती मोकळीच हाय.”

स्क्रू आवळून झाल्यावर मित्रानं हट्टानं गेज लावला. पंधराचं पातं, म्हणजे इंचाचे हजार भाग करून त्यातले पंधरा, लोण्यात सुरी जावी तसं गेलं. सोळाचं जाईना. मित्र गप्प झाला. पुण्यापासून पहिल्यांदाच.

गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली.

“किती झाले?”

“तेल पुसायचं शंभर. घालायचं फुकट.”

पंढरपूरच्या फाट्यावर वळताना चामड्याचं पाकीट माझ्या मांडीवर घसरलं. आत पात्यांशेजारी उरलेली पत्रिका नीट घडी करून ठेवली होती.