लाईक दिसलं की सिमिली

दहावीला इंग्रजीच्या सरांनी सगळे फिगर्स ऑफ स्पीच दोन तासांत उरकले. कविता नाही कळली तरी चालेल, फिगर ओळखा, एक मार्क कुठं जात नाही, असा त्यांचा हिशोब. घोडेगावच्या बाजारात म्हशीचा जबडा उघडून वय सांगतात, तशा त्यांनी खुणा सांगितल्या. लाईक किंवा ॲज दिसलं की सिमिली. तुलना आहे पण हे दोघं गायब, तर मेटॅफर. एकच आवाज पुन्हा पुन्हा आला की अलिटरेशन.

मी खूण पक्की धरली. चाचणीत उदाहरण लिहिलं, ‘आय लाईक टी’. सरांनी वर्गात उभं केलं. “चहासारखा कोण रे?”

“मी, सर.”

घरी हे आजीला सांगितलं. तिला सही येत नव्हती, पण सप्ताहातलं एक पारायण ती चुकवायची नाही. ती म्हणाली, “त्यात काय शिकायचं? माउली ‘जैसें’ म्हणाली की पुढं ‘तैसें’ येतंच.” आमचा तालुका नेवासा. १२९० साली इथंच, पैस खांबाला टेकून, माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. नऊ हजारांवर ओव्या आणि पानोपानी सिमिली. एकीला एक मार्क धरला तरी बोर्डाला पुरवण्या पुरल्या नसत्या. आम्ही मात्र त्या खांबापासून सायकलच्या अंतरावर बसून ‘लाईक, ॲज’ घोकत होतो.

ओनोमॅटोपिया अर्थाला सोपा. खळखळ, कडकड, बदाबदा, मराठीत पोत्यानं पडलेत. स्पेलिंगमध्ये मात्र इतके ओ, की कॉपीसुद्धा चुकायची.

ॲपॉस्ट्रॉफी म्हणजे वर टांगलेला स्वल्पविराम, एवढंच आम्हाला ठाऊक. सर म्हणाले, “हा वेगळा. जो समोर नाही किंवा ज्याला ऐकू येत नाही, त्याच्याशी बोलायचं.” मागच्या बाकावर खसखस पिकली. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेले आमचे वडील डीपीपाशी उभे राहून गेलेल्या लाईटीशी जे बोलायचे, ते या फिगरमध्ये चपखल बसत होतं. फक्त पेपरात लिहिण्यासारखं नव्हतं.

खरा घोळ ट्रान्सफर्ड एपिथेटनं घातला. विशेषण ज्याचं त्याला न देता शेजारच्याला द्यायचं. सरांचं उदाहरण ‘स्लीपलेस नाईट’. झोप माणसाची गेलेली, नाव रात्रीचं. हे मला एकदम पटलं, कारण आमच्या जिल्ह्यात याचं तीन मजली, अष्टकोनी उदाहरण डोंगरावर उभं आहे. नगरहून पाथर्डी रस्त्याला लागलं की लांबूनच दिसतं. त्याला सगळे म्हणतात चांदबिबीचा महाल. आहे ती कबर, तीही मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची. म्हणजे इमारत एकाची, नाव दुसरीचं, आणि वर कबरीला बढती देऊन महाल केलेलं. एवढं ट्रान्सफर्ड एपिथेट इंग्लंडातसुद्धा सापडणार नाही, अशा खात्रीनं सहामाहीला तेच लिहिलं.

पेपर हातात आला तेव्हा शेजारी लाल शाईत शेरा होता, ‘हा इतिहास आहे’. मार्क शून्य. इतिहासाच्या पेपरात तो प्रश्न आलाच नाही.