वर गेले, पण कुठे?

सोयगाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. त्यामुळे गावाचं नाव नुसतं घ्यायची इथे रीत नाही. वर सिल्लोडला, खाली पाचोऱ्याला. वर म्हणजे घाटावर, खाली म्हणजे खानदेशात. पुढचं 'सिल्लोडला' गिळलं की मात्र पंचाईत. बाजारात कुणीतरी विचारतं, "अण्णा दिसत नाहीत हल्ली?" पोरगं तंबाखू मळत म्हणतं, "वर गेले." विचारणाऱ्याचा हात टोपीकडे जातो. चिमूट दाढेखाली बसल्यावर सावकाश खुलासा येतो, "सिल्लोडला. कामं हायेत."

इंग्रजीची चाल नेमकी हीच. अप, डाऊन, आउट यांनी दिशा दाखवायची आणि इन, ऑन, टू, विथ यांनी ठिकाण धरायचं. 2000 सालापासून आपली मुलं पहिलीपासून इंग्रजी शिकतात, पण हे जोड पाठ करता करता रडकुंडीला येतात. 'पुट अप' म्हणजे लॉजवर मुक्काम. 'पुट अप विथ' म्हणजे तिथले ढेकूण सोसणं. 'अप टू यू' तर चक्क आपलं 'तुमच्यावर'. साहेबालाही जबाबदारी वरच टाकावीशी वाटली!

हाच साहेब रेल्वेत मात्र घसरला. पाचोऱ्याहून मुंबईला, म्हणजे थेट समुद्रकाठी, जाणारी गाडी 'अप'. घाटाखाली राहणाऱ्या माणसाने हे कसं पचवावं?

जॉन स्मिथ नावाचा गोरा अधिकारी 1819 साली शिकारीसाठी इथे आला. अप ऑन द कडा उभा राहून त्याला डाऊन इन द दरी, वाघूर नदीच्या वळणावर, लेणी दिसली. मग खाली उतरून त्याने 10 क्रमांकाच्या लेण्यात स्वतःचं नाव कोरलं. एवढ्या चढउतारावर कुठलीही भाषा दोन-दोन शब्द लावणारच. त्या कड्यावरून आजही आपण लेण्यांकडे 'लुक डाऊन' करतो आणि मनातून त्यांनाच 'लुक अप टू'.

यात खरी गंमत सरकारी नकाशाची. अजिंठा गाव वर, सिल्लोड तालुक्यात. अजिंठा लेणी खाली, आमच्या सोयगाव तालुक्यात. नाव त्यांचं, लेणी आमची. तेव्हा संभाजीनगरहून येताना 'अजिंठा' पाटी दिसली म्हणून उतरू नका. घाट उतरून खाली फर्दापूरच्या टी-पॉइंटला या, लेण्यांची बस तिथून मिळते.