स्टेपनीच्या जागी

आमच्या साडूंच्या गाडीत बसलं की पट्टा लावायच्या आधी परीक्षा द्यावी लागते. ते आवाज वाढवतात, मान तिरकी करतात आणि विचारतात, "सांगा, कुठून येतोय?" आपण सीटखाली वाकावं, दारं चाचपावीत, मागे वळून बघावं. प्रत्येक चुकीच्या उत्तरागणिक साडू खुलत जातात. पहिल्या फटक्यात बरोबर ओळखणाऱ्याला त्यांच्या गाडीचं पुन्हा बोलावणं येत नाही.

सबवूफर डिक्कीत आहे, गालिच्याखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. लपवण्याची कारणं दोन. एक चोर, दुसरी माझी मेहुणी. पहिलं ते बोलून दाखवतात.

"80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळतच नाही हो," ते समजावतात, "लाटच सव्वाचार मीटरची!" गाडी त्यांची चार मीटरच्या आतली, करात सवलत मिळते त्या वर्गातली. म्हणजे लाट गाडीहून लांब. हे सांगताना त्यांचा आविर्भाव असा, की लाटेचेही हप्ते तेच फेडतायत.

बसवायचं काम त्यांनी दुकानातल्या पोरांना दिलं नाही. तपकीर गल्लीतून वायर, फ्यूज, लग आणले आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः मांडी ठोकली. बॅटरीपासून लाल वायर. तिला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, म्हणजे कुठे शॉर्ट झालंच तर फ्यूज जळावा, गाडी नव्हे. लाल वायर डाव्या दाराच्या उंबऱ्याखालून, सिग्नलची उजव्या. दोघी शेजारून गेल्या तर इंजिन चढताच अल्टरनेटरची शिट्टी गाण्यात शिरते. त्यामुळे एका घरात राहून एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावांसारख्या त्या डिक्कीपर्यंत जातात आणि भेटतात त्या थेट अ‍ॅम्पपाशी. अर्थिंगसाठी नव्या गाडीचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा होता, तेव्हा मात्र साडूंचा हात थरथरला. मग त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि पॉलिशपेपर चालवला.

आवाज सुरू झाला आणि साडूंची खरी तपश्चर्या सुरू झाली. सबवूफर दिसत नसला तरी नंबरप्लेट थडथडते, डिक्कीचं झाकण कुरकुरतं, कप्प्यातली चिल्लर नाचते. एक खडखड बंद केली की तिच्याआड दडलेली दुसरी ऐकू येते. साडू खिशात फेल्टची टेप घेऊनच हिंडू लागले. रात्री अकरा वाजता 20 ते 100 हर्ट्झपर्यंत एकेक सूर लावून ते पत्र्याला कान देत. शंभरावर आले की वॉचमन धावत यायचा. ट्रान्सफॉर्मरची गुणगुणही 100 हर्ट्झचीच. त्या बिचाऱ्याला वाटायचं, डीपी जळतेय.

गाण्याचं काय झालं, ते विचारू नये. पूर्वी हा माणूस भीमसेन जोशींच्या अभंगाला डोळे मिटून बसायचा. आता अभंग तोच लावतो, पण बुवा तान घ्यायला लागले की आपल्याला कोपरखळी मारून म्हणतो, "ते सोडा, पखवाजाचा डावा ऐका."

गुपित महिनाभरही टिकलं नसतं, पण मेहुणीला डिक्कीत रस नव्हता. बाकी अख्ख्या सोसायटीला, दूधवाल्यासकट, ते ठाऊक होतं. लपवायला एवढे कष्ट घेतले आणि कुणाला दाखवलंच नाही, तर लपवलं तरी कशाला?

मग गेल्या मे महिन्यात, वाईला जाताना, खंबाटकीत मागचं चाक बसलं. टायरची बाजूच फाटलेली. "अहो, स्टेपनी काढा ना," मेहुणी म्हणाली. स्टेपनी सिंहगड रोडवरच्या फ्लॅटच्या माळ्यावर, आकाशकंदिलांच्या मागे होती. साडू बॉनेटकडे गेले, परत आले, आकाशाकडे बघून झालं. तेवढ्यात एक ट्रकवाला मदतीला थांबला, त्याने आपण होऊन डिक्की उघडली आणि गालिचा उचलला.

"साहेब, हे काय बसवलंय?"

साडूंच्या चेहऱ्यावर मी ओशाळेपणा शोधत होतो. पण हा प्रश्न त्यांना आजवर कुणी आपणहून विचारला नव्हता! चाक विसरले, घाट विसरले, शेजारी कोण उभं आहे तेही विसरले.

"ही लाल वायर बघा. हा अ‍ॅम्प. आणि ही अर्थिंग बघा, कसली पक्की आहे! नवीकोरी गाडी, पण मी पार पत्र्यापर्यंत खरवडली."

"काय खरवडलंत?" मेहुणी म्हणाली.