कोपऱ्यापासून नमस्कार

नव्या प्लास्टरवर हात फिरवून ‘वा, आरसा!’ म्हणणारे पुष्कळ. कोपऱ्यात गुण्या लावून काटकोन बघणारा विरळाच. मिस्त्रीलाही हे ठाऊक असतं. म्हणून भिंतीच्या मधोमध तो स्वतः पट्टी ओढतो आणि कोपरे शिकाऊ पोराच्या थापीवर सोडून चहाला जातो.

आमच्या बेडरूमचा कोपरा मला पहिल्याच दिवशी खटकला. मिस्त्री म्हणाला, “पुट्टीत निघेल, साहेब.” पुट्टीवाला म्हणाला, “रंगात दिसायचं नाही.” रंगारी म्हणाला, “इथं कपाटच येणार ना?” आलं कपाट. मागे भिंतीला चिकटलं, पुढे दोन बोटं फट! सुतारानं पेन्सिल कानामागे खोचत विचारलं, “भिंत कुणी केली?” तेव्हा कुठे मला कळलं, की त्या कोपऱ्यात माझ्याखेरीज कुणीच गुंतलेलं नव्हतं.

पुट्टी ही जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची चीज. तिच्याकडून बोटभर पाप झाकून घ्यायला गेलं, की ती तडकते, सुटते.

खरा इलाज कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो कुणी सांगत नाही. दाराखिडकीची धार वाकडी असेल तर ती छिन्नीनं पक्क्या थरापर्यंत खरवडायची, धूळ झाडायची, भिंत भिजवायची, सिमेंटची स्लरी मारायची. मग एका अंगाला सरळ फळी ओळंब्यात बांधायची आणि तिच्या कडेबरोबर दुसऱ्या अंगाचा माल भरायचा. माल आवळला की फळी हळूच सरकवून काढायची. खेचली की धार फळीबरोबर येते. मग उरलेलं अंग. वर आठवडाभर पाणी. पाणी कोण मारणार, हा प्रश्न मात्र प्रत्येक साइटवर अनुत्तरितच असतो.

आतला कोपरा तपासायला तर शाळेतला पायथागोरसही पुरतो. एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करा. दोन खुणांमध्ये टेप बरोबर 5 फूट दाखवायला हवी. आमच्याकडे 5 फूट दीड इंच भरली. म्हणजे भूमितीनंसुद्धा आम्हाला कोपरापासून नमस्कार केला.

हे सगळं पुट्टीच्या आधी, आणि मुख्य म्हणजे शेवटचा हप्ता खिशात असताना करायचं. गुण्या विकत आणू नका. मिस्त्रीच्या पिशवीत असतो तो, कोरा करकरीत. फक्त बाहेर काढायला सांगा.