हिशेब कुणासमोर देणार?

देवळाली प्रवराचा माणूस तहसीलच्या कामाला राहुरीला जातो, आमदार श्रीरामपूरचा निवडतो आणि खासदार शिर्डीचा. बाहेरगावी गावाचं नाव सांगितलं, तर समोरचा नाशिकच्या देवळाली कॅम्पबद्दल बोलायला लागतो. आपल्यावर राज्य करणाऱ्या सगळ्या पदांच्या पाट्या दुसऱ्या गावांच्या नावानं लागलेल्या आहेत. या गावानंच निवडायचं आणि याच गावाला उत्तर द्यायचं असं मोठं पद एकच, नगराध्यक्षाचं. ते निवडायचा दिवस येत्या शनिवारी, 20 डिसेंबर 2025 ला आहे. म्हणून या आठवड्यात दुसऱ्या कशावर लिहावंसं वाटत नाही.

या मताची किंमत आपल्याला पुरती कळलेली नाही, असं मला वाटतं. देशाचा राष्ट्रपती आपण निवडत नाही. ते काम खासदार आणि आमदार करतात. मुख्यमंत्री कोण, हे आमदारांच्या बैठकीत ठरतं. पुण्या-मुंबईच्या मतदाराला आपला महापौर थेट निवडता येत नाही. त्याला नगरसेवक निवडतात. अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीचा एवढा गाजावाजा होतो, पण तिथेही 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांहून जास्त मतं अधिक पडूनही अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प झाले, कारण तिथली शेवटची मोजणी राज्यांच्या प्रतिनिधींची असते. देवळालीत मात्र ज्याला एक मत जास्त, तो नगराध्यक्ष. मध्ये कुणी नाही.

आणि एवढ्या मोलाच्या हक्काशी राज्यातल्या एकामागून एका सरकारांनी खेळ केला आहे. 2001 मध्ये थेट निवड आली. 2006 मध्ये ती काढली. 2016 मध्ये पुन्हा आणली. 2020 मध्ये महाविकास आघाडीनं रद्द केली. 2022 मध्ये शिंदे सरकारनं परत सुरू केली. प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचं सांगितलं गेलं आणि प्रत्येक वेळी हिशेब पक्षाचा होता. ज्यांना राज्यभर एका चेहऱ्यावर मतं मिळतील असं वाटलं, त्यांना थेट निवड हवी झाली. ज्यांचा भरवसा नगरसेवकांच्या जुळवाजुळवीवर होता, त्यांना ती नको झाली. मतदाराला कुणीही विचारलं नाही. माझं मत स्पष्ट आहे : थेट निवड राहू द्या. नगरसेवकांनी अध्यक्ष निवडायचा म्हटलं की निकालानंतर सहली निघतात, कुणी कुठल्या हॉटेलात आहे याच्या बातम्या येतात, आणि ज्यानं मत दिलं त्याला आपला नगरसेवक कुठल्या बाजूला गेला हे पेपरातून कळतं. पण एकदा ठरवलं की ठरवा. सरकारागणिक रीत बदलणार असेल, तर लोकांनी ती अंगवळणी पाडायची कधी?

2022 मध्ये रीत तरी ठरली, पण निवडणूकच झाली नाही. मागची निवडणूक नोव्हेंबर 2016 ची, नोटबंदीच्या महिन्यातली. त्या मंडळाची मुदत 2021 अखेर संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे आहे. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या घालून दिल्या, मग त्यांसाठी बांठिया आयोग आला, मग ऑगस्ट 2022 मध्ये ‘जैसे थे’चा आदेश आला, आणि तारखांवर तारखा पडत गेल्या. शेवटी 6 मे 2025 ला न्यायालयानंच चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. तेही जमलं नाही, तेव्हा 31 जानेवारी 2026 ही शेवटची मुदत दिली. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, तो सुटणंही गरजेचं होतं. पण तो सुटेपर्यंत राज्यातल्या शेकडो गावांना लोकप्रतिनिधीच नसावेत, याचं दुःख मुंबईत कुणाला झालेलं दिसलं नाही. जी पोरं मागच्या निवडणुकीत चौथी-पाचवीत होती, ती या वेळी पहिल्यांदा बोटाला शाई लावणार आहेत. त्यांनी नगरसेवक म्हणून कुणाला जाब विचारलेला कधी पाहिलेलाच नाही. त्यांच्या लेखी नगरपरिषद म्हणजे साहेब, खिडकी आणि पावती.

मग 4 नोव्हेंबरला कार्यक्रम जाहीर झाला. 246 नगरपरिषदा, 42 नगरपंचायती, मतदान 2 डिसेंबरला. देवळालीनं तयारी केली, आणि तीन दिवस उरले असताना, 29 नोव्हेंबरला, राज्य निवडणूक आयोगानं सांगितलं की तुमचं मतदान आता 20 तारखेला. ज्या ठिकाणी छाननीविरुद्धच्या अपिलांचा निकाल जिल्हा न्यायालयातून उशिरा आला, तिथे उमेदवाराला माघारीसाठी नियमातले तीन दिवस मिळाले नाहीत, म्हणून हा बदल. जिल्ह्यात कोपरगाव, पाथर्डी, नेवासा आणि आपण. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, राहात्याचं मतदान ठरल्या दिवशी पार पडलं. नियम बरोबर आहे. उमेदवाराला त्याचा वेळ मिळायलाच हवा. पण अपिलांचे निकाल कधी लागले, हे आयोगाला त्याच दिवशी कळत होतं. 26 तारखेला चिन्हं वाटून झाल्यावर चूक लक्षात यावी? मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीही या निर्णयावर जाहीर नाराजी सांगितली. पुढं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सगळीकडची मतमोजणी 21 डिसेंबरला एकत्र ठेवली. म्हणजे राहुरीकरांनी मत देऊन टाकलं आहे आणि त्यांची यंत्रं कुलपात आहेत. आपण अजून ऐकतोच आहोत.

आणि काय ऐकतोय? सकाळी सातला पहिली रिक्षा येते. गाणं एकाच चालीचं, नाव तेवढं बदललेलं. मागून दुसरी येते आणि चौकात दोन्ही भोंगे एकमेकांवर ओरडतात. अभ्यासाला बसलेलं पोर पुस्तक मिटतं. राहुरी फॅक्टरीच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, त्यात प्रचाराच्या गाड्या. ‘क’ वर्ग नगरपरिषदेत नगराध्यक्षाच्या उमेदवाराला साडेसात लाख आणि नगरसेवकाच्या उमेदवाराला अडीच लाख खर्चाची मर्यादा आहे. प्रचाराचे दिवस अठरानं वाढले. रोजच्या जेवणावळी, गाड्यांचं डिझेल, पोरांचा चहा-नाश्ता या मर्यादेत बसतो असं छातीठोकपणे सांगणारा एकही कार्यकर्ता मला भेटलेला नाही. हा जास्तीचा पैसा उमेदवार कुठून आणतो आणि पुढं कुठून भरून काढतो, हे समजायला फार शिक्षण लागत नाही. तो रस्त्याच्या डांबरातून आणि गटारीच्या सिमेंटमधून निघतो.

परवा आमच्या गल्लीत एक उमेदवार आले. बरोबर वीसेक माणसं, पुढं हलगी. शेजारच्या मावशी धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी हात पुसून पत्रक घेतलं, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. “दादा, यात बरीच कामं लिहिलीत तुम्ही. पहिल्या वर्षी कोणतं करणार?” उमेदवार म्हणाले, “मावशी, सगळीच.” मावशी म्हणाल्या, “सगळी नकोत. एक सांगा, म्हणजे मी पुढच्या डिसेंबरात विचारायला येते.” उमेदवार हसले, पाया पडले आणि पुढं निघाले. हलगी वाजायला लागली. या सगळ्या मोसमात मी ऐकलेला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच, आणि त्याला उत्तर मिळालं नाही.

तो प्रश्न का मोलाचा, ते सांगतो. नगराध्यक्ष एकटा फारसं काही करू शकत नाही. सर्वसाधारण सभा तो चालवतो, पण ठराव नगरसेवकांच्या बहुमतानं होतो आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याच्या हाती असते, जो शासनाचा नोकर आहे. घरपट्टी-पाणीपट्टीतून जेमतेम रोजचा खर्च भागतो. मोठं काम निघतं ते शासनाच्या आणि वित्त आयोगाच्या निधीवर. 2016 नंतर राज्यात कितीतरी ठिकाणी अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं झालं, आणि पाच वर्षं भांडणात गेली. तेव्हा ‘सगळीच कामं करू’ म्हणणारा एकतर कारभार जाणत नाही, नाहीतर आपल्याला जाणता समजत नाही. जो म्हणेल की पहिल्या वर्षी एवढं एक काम, त्याला इतका खर्च, तो या खात्यातून येईल आणि त्यासाठी मी अमुक नगरसेवकांना बरोबर घेईन, त्याचं बोलणं मी थांबून ऐकेन. पक्ष कुठलाही असो.

आता मुद्द्याचं. आपल्या शेजारच्या कुठल्याही खेड्यात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सरपंच समोर बसतो, गावकरी उठून विचारतो, आणि ठराव लिहिला जातो. ग्रामसभा कशा होतात, कोरम कसा भरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही विचारायला एक जागा आहे. गावाचं शहर झालं, ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, आणि आपली ती जागा गेली. नगरपरिषदेच्या सभेत बोलायचा हक्क नगरसेवकाचा; मतदार फार तर ऐकू शकतो. म्हणजे शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या वाडीतल्या माणसाला सरपंचाला तोंडावर विचारता येतं आणि देवळालीच्या मतदाराला थेट निवडलेल्या नगराध्यक्षाला विचारायला पाच वर्षं थांबावं लागतं. मला हे मान्य नाही. थेट निवडायचं, तर हिशेबही थेट घ्यायला हवा.

यासाठी मुंबईहून कायदा यायची वाट बघायचं कारण नाही. वर्षातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी, गावात मोकळ्या जागी नगराध्यक्षानं लोकांसमोर बसावं : किती आले, किती गेले, कोणतं काम अडलं, कुणामुळं अडलं. त्याला कुठलाही नियम अडवत नाही. अडवते ती फक्त इच्छा. म्हणून प्रचारासाठी दारात येणाऱ्या प्रत्येकाकडून एवढंच एक लिहून घ्या, तारखेसह आणि सहीसह. तोंडी नको. कागद घरात जपून ठेवा.

आणि मतासाठी येणाऱ्या पैशांच्या पाकिटाबद्दल. घेतो एकाचं, मत देतो दुसऱ्याला, यात शहाणपण आहे असं बोललं जातं. नाही. पाकीट घेतलेल्या घराकडं नंतर कोणताच नगरसेवक मान वर करून बघत नाही, कारण त्याच्या मते त्यानं व्यवहार मिटवलेला असतो. मावशींसारखं पुढच्या डिसेंबरात विचारायला जायचं असेल, तर या डिसेंबरात हात रिकामे ठेवावे लागतील. गरजू माणसाला हे सांगणं सोपं नाही, हे मला कळतं. ज्याच्या घरात चूल पेटायची अडचण आहे त्याला मी दोष देणार नाही. पण ज्यांच्या दारात दुचाकी उभी आहे आणि घरात दोन पगार येतात, त्यांनी तरी घेऊ नये. त्यांना माफी नाही.

मतदान शनिवारी सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. बहुतेक प्रभागांत तीन बटणं दाबायची आहेत : दोन नगरसेवकांची, एक नगराध्यक्षाचं. तिन्ही दाबल्याशिवाय बाहेर येऊ नका. कुणीच पटत नसेल तर नोटा दाबा, पण जागा सोडू नका. मतदारयादी 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी धरून आहे. नावापुढं दोन तारे असतील, तर दुबार मतदाराचा संशय म्हणून केंद्रावर विचारणा होईल; ओळखपत्र बरोबर ठेवा आणि घाबरून परत फिरू नका. या यंत्रांना चिठ्ठी दाखवणारी जोडणी नाही, तेव्हा बटण दाबल्यावर दिवा कुणापुढं लागला ते नीट बघा. ऊसतोडीला, नोकरीला बाहेर असलेल्या घरच्यांना आजच फोन करा. आणि उमेदवार उद्या दारात आला, तर पत्रक हातात घ्या, वाचा, आणि त्याला विचारा : पहिल्या वर्षी कोणतं काम, आणि हिशेब कोणत्या तारखेला?