साडूभाऊंचे १३.३१

हा माणूस तुमच्याकडेही असणारच. लग्नाच्या हॉलवर तो जनरेटरपाशी सापडतो. वास्तुशांतीला गेला तर तीर्थप्रसादाआधी मीटरबॉक्सचं झाकण उघडून बघतो. दिवे गेले की आपण मेणबत्ती शोधतो, हा मात्र खुलतो. आमच्याकडे तो साडू होऊन आला. मित्र असता तर एव्हाना नंबर ब्लॉक केला असता, पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा, नवरा ब्लॉक करायची सोय अजून कुठल्या फोनमध्ये आलेली नाही.

साडूभाऊ कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी एका टेम्पो ट्रॅव्हलरची मोटरहोम करून घेतली. दोन बर्थ, शेगडी, सिंक, फ्रिज, इन्व्हर्टर, सगळं आलं. खाली दोन दणदणीत ट्यूब्युलर बॅटऱ्या होत्या. एकेक उचलायला दोन माणसं लागायची, पण बिचाऱ्या कुरकुर न करता चालत होत्या. मोठा लोड आला की दिवे जरा मिणमिणायचे, ताई मिक्सर बंद करायच्या, दिवे पुन्हा उजळायचे. संसार सुरळीत होता. मग साडूभाऊंना कुणीतरी लिथियम सांगितलं.

"अहो, प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली काढलेली बॅटरी ही. तुम्ही अजून तीच धरून बसलाय!" असं ते मला म्हणाले. मी प्लांतेचा भाचा असल्यासारखा खाली मान घालून ऐकत होतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची कूळकथा त्यांना पाठ आहे. गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून १९९७ साली पेपर आला, त्यावर पाढी आणि नंजुंडस्वामी अशी दोन नावं आहेत, "म्हणजे आपलीच माणसं!" पुढे गुडइनफना २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा त्यांचं वय ९७ होतं. हे वाक्य साडूभाऊ ताईंकडे बघून म्हणतात. निवृत्त माणसाच्या हातातून पकड काढून घेऊ नये, असा त्याचा भावार्थ.

लिथियम बसलं त्या संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर मल्टिमीटरचा फोटो आला. काळ्या पडद्यावर १३.३१. खाली मजकूर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इतरांची फुलं आणि सुविचार आले, साडूभाऊंचे १३.३०. तिसऱ्या दिवशी पुन्हा १३.३१, आणि धाकट्या मेहुणीने त्याला बाळाच्या फोटोला देतात तसा लाल बदाम दिला.

आता यातली गंमत ऐका. लिथियमचा गुणच असा की बॅटरी नव्वद टक्के भरलेली असो नाहीतर निम्मी रिकामी, व्होल्टेज फारसं हलत नाही. शिशाची बॅटरी तोंडावरून ओळखता यायची, ही ताकास तूर लागू देत नाही. १३.३१ वरून आत किती वीज उरली हे खुद्द गुडइनफनाही सांगता आलं नसतं. हे साडूभाऊंनीच मला वहीत वक्र काढून समजावलं. वक्र कसला, सरळ रेघच. समजावून झालं, वही मिटली, आणि ते पुन्हा व्होल्टेज बघायला गेले.

दुसरी गोष्ट काटकसरीची. लिथियम का घेतलं? तर मिक्सर, पंखा, फ्रिज बिनधास्त चालावेत म्हणून. शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, लिथियममधली ऐंशी टक्के बेलाशक काढा, असं त्यांनीच सांगितलेलं. पण एवढी महागाची वस्तू घेतल्यावर तिच्यातून काही काढायला त्यांचा जीव होईना. "पंखा कशाला? खिडकी आहे की." "फ्रिज सारखा उघडू नका." ताई चटणी वाटायला बसल्या की हे गाडीला फेरी मारून येत आणि आत डोकावून विचारत, "झालं का?"

अशा गाडीतून आम्ही चौघं तंजावरला निघालो. माझी एकच इच्छा होती, दारासुरम. बृहदीश्वर सगळेच बघतात, मला ऐरावतेश्वराचा तो दगडी चाकं लावलेला मंडप-रथ बघायचा होता. तंजावरपासून कुंभकोणमच्या रस्त्याला तासा-दीड तासाचं अंतर. साडूभाऊ म्हणाले, "त्यात काय, बघू."

हुबळीपर्यंत इंजिनातून तापल्याचा वास येत होता. लिथियम हावरट असतं, अल्टरनेटर देईल तेवढा करंट ओढतं, आणि गाडी सिग्नलला नुसती उभी असली की अल्टरनेटरला वाराही लागत नाही. त्यावर उपाय डीसी-डीसी चार्जर, घास मोजून भरवणारा. तो हुबळीत एका गल्लीत बसवून घेतला, तेवढ्यात आमची बेंगळुरूची संध्याकाळ गेली. सेलमच्या अलीकडे बॅटरीचा मॉनिटर ९८ टक्के दाखवत असताना गाडीत मिट्ट काळोख झाला. मीटर लावला तर ०.००. त्या क्षणीचा साडूभाऊंचा चेहरा मी विसरणार नाही. वास्तविक बॅटरी मेली नव्हती, आतला बीएमएस नावाचा पहारेकरी पार तळ गाठलेला बघून दार लावून बसला होता. फ्रिजची निगेटिव्ह वायर बसवणाऱ्याने करंट मोजणाऱ्या शंटला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेली, त्यामुळे फ्रिज रात्रंदिवस खात होता आणि मॉनिटरच्या खात्यात नोंद शून्य. वायर हलवून साडूभाऊ हात पुसत म्हणाले, "आता काही होणार नाही." ताईंनी खिडकीबाहेर बघितलं.

तंजावरला एका लॉजच्या अंगणात गाडी लावायला जागा मिळाली. सकाळी बृहदीश्वराच्या मोठ्या देवळात गेलो. राजराज चोळाचं, १०१० साली पुरं झालेलं, वर मान करून बघावं तर टोपी पडते असं विमान. गाइड उंची सांगत होता, साडूभाऊ विचारत होते, "वर अर्थिंग कुठून नेलंय?" मग आम्ही नैऋत्येकडच्या भिंतीवरच्या मराठी शिलालेखापाशी आलो. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास तिथे कोरवून घेतला. परमुलखात, दगडावर, ओळीमागून ओळ आपली भाषा. माझा घसा जरा दाटला होता. शेजारून आवाज आला, "क्लिपा बघा. सारख्या अंतरावर. याला म्हणतात केबल ओढणं." दिव्यांची केबल होती.

सरस्वती महाल ग्रंथालयात मात्र साडूभाऊंनी मला चकित केलं. हे सरफोजीराजे मोतीबिंदूचे उपचार करवीत आणि रुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढून टिपणं ठेववीत. त्याबद्दलच्या मजकुरासमोर साडूभाऊ खूप वेळ उभे राहिले. "लॉग ठेवायचा हा माणूस," ते हळू आवाजात म्हणाले. एखाद्या राजाला त्यांनी दिलेली ही पहिलीच दाद असावी. मला वाटलं, आता गाडी रुळावर आली, उद्या दारासुरम.

दुपारी इन्व्हर्टर पीं पीं करू लागला. बॅटरी लो. मॉनिटरवर ९४ टक्के. साडूभाऊंनी सगळं बंद केलं, लाल टोक, काळं टोक, १३.३१. "सगळं ठीक आहे." ताईंनी मिक्सर लावला. पीं पीं. मिक्सर बंद, लाल टोक, काळं टोक, १३.३१. "ठीक आहे की!" संध्याकाळपर्यंत हाच खेळ. बॅटरी कधी बोलत नव्हती, इन्व्हर्टर बोलला तर त्याचं कुणी ऐकत नव्हतं. असं एक घर मला माहीत आहे, पण ते असो.

शेवटी लॉजवाल्याने तिरुचीच्या रस्त्यावरचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन बोलावला. पोरगेलासा, कानामागे पेन्सिल, हातात दोन वायरींना लावलेला एक बल्ब. बस्स. साडूभाऊंनी त्याला वही दाखवली, वक्र दाखवला, १३.३१ दाखवलं. त्याने सगळं नीट बघितलं आणि म्हणाला, "लोड पोडुंग सार."

लोड टाका. साडूभाऊ घुटमळले. ताईंनी वाट न बघता मिक्सर लावला, रिकामाच. मुलगा खाली वाकला, बॅटरीपासून निघालेल्या जाड वायरीवरून बोटाची उलटी बाजू फिरवत गेला आणि फ्यूजपाशी हात झटकन मागे घेतला. "सूडा इरुक्कु." तापलंय. आता साडूभाऊंनी मीटर लावला. बॅटरीवर १३.१, इन्व्हर्टरवर ११.२. मधले जवळजवळ दोन व्होल्ट वायरीच्या टोकाच्या एका लगमध्ये अडकले होते. तो लग बसवणाऱ्याने हातोडीने ठोकून चपटा केलेला, आत अर्ध्या तारा मोकळ्या. पंचेचाळीसेक अँपिअर जाऊ लागले की तिथे ऐंशीएक वॉटची शेगडीच पेटायची. करंट नसला की कुठलाच ड्रॉप नाही, सगळं निर्मळ. वीज वाचवायची म्हणून साडूभाऊ सगळं बंद करून मोजत आले होते, म्हणून दोष त्यांना कधी भेटलाच नाही. जुन्या बॅटऱ्यांच्या काळातही तो लग तसाच असणार. तेव्हा दिवे मिणमिणले की सगळे शिशाला नावं ठेवत.

मुलाने नवा लग पक्का दाबून दिला, मागितले त्यापेक्षा साडूभाऊंनी जास्त दिले, आणि मग बराच वेळ ते पायरीवर गप्प बसले. मला थोडं बरं वाटलं, हे लपवत नाही.

त्या रात्री लॉजचे दिवे गेले. तंजावरचा उकाडा, वारा नावाला नाही. लॉजवाल्याची आई मागच्या खोलीत. तंजावरच्या मराठी घरातली म्हातारी, व्यंकोजीराजांच्या मागोमाग कधीतरी इकडे आलेल्या कुळातली. तिची मराठी आम्हाला निम्मी कळायची, आमची तिला बहुधा तेवढीच. ती अंगणात येऊन पदराने वारा घेत बसली. साडूभाऊंनी न विचारता गाडीतून लांब एक्स्टेन्शन ओढलं, तिच्या खोलीतला पंखा इन्व्हर्टरवर घेतला, मग समोरच्या खोलीतल्या तान्ह्या बाळाच्या आईचा, मग पाण्याची छोटी मोटर. मी मुद्दाम म्हटलं, "साडूभाऊ, टक्के?" ते म्हणाले, "असतील." मीटर बर्थवर पडला होता. रात्री दोनदा जाग आली तेव्हा दोन्ही वेळा ते खुर्ची टाकून एक्स्टेन्शनच्या जोडाशी बसलेले, अधूनमधून बोटाची उलटी बाजू जोडावर टेकवत.

सकाळी मॉनिटरवर ३१ टक्के होते. ग्रुपवर काहीच आलं नाही, म्हणून धाकट्या मेहुणीचा काळजीने फोन आला.

आम्ही दारासुरमसाठी आंघोळी उरकून तयार होतो. तेवढ्यात म्हातारी आली आणि आपला पंखा गाडीच्या विजेवरसुद्धा हळूच फिरत होता अशी तिने तक्रार केली. साडूभाऊ उजळले. "कपॅसिटर!" अडीच मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर बाजारातून आणला, स्टुलावर चढून बसवला. पंखा असा फिरू लागला की भिंतीवरचं कॅलेंडर उडालं. म्हातारीने समाधानाने मान डोलावली आणि पदराच्या गाठीतून दहाची नोट काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती घेतली. मग तिने आतून मिक्सर आणला, मग इस्त्री, मग शेजारणीचा वेट ग्राइंडर आला, त्याच्यामागोमाग शेजारीण.

ताईंनी चपला काढल्या आणि पायरीवर बसून घेतलं. मी त्यांना विचारलं, किती वेळ लागेल. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जेवून घ्या."

दारासुरम राहिलंच. साडूभाऊ म्हणतात ते पुढच्या वेळी नक्की, शिवाय त्या वेट ग्राइंडरचं बेअरिंगही बघायचं आहे.